विशेष शिक्षकाचे वर्गातील स्थान



विशेष शिक्षक शाळेत आला की पुष्कळ ठिकाणी एक ठराविक प्रकार घडतो. वर्गशिक्षक दिव्यांग मुलाला हाक मारतो. ते दप्तर घेऊन व्हरांड्यात जाते. तेथे तासभर त्याचा निराळा अभ्यास होतो. भेटवहीत नोंद होते आणि विशेष शिक्षक पुढच्या गावाची वाट धरतो. वर्गात मात्र काहीच बदललेले नसते. ह्या व्यवहारात कोणी कर्तव्यास चुकला असे दिसत नाही, तथापि समावेशनाचा हेतू नेमका येथेच हुकतो.

१९७४ साली केंद्र सरकारने अशा मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आखली, तेव्हा मुलाने शाळेशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती उलटी केली. समावेशक शिक्षण म्हणजे सर्व मुलांनी एकत्र शिकणे आणि त्यासाठी अध्यापनपद्धतीनेच मुलाच्या गरजेप्रमाणे बदलणे, असा अर्थ त्यात सांगितला आहे. केंद्र सरकारने २०२२ साली प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण घालून दिले. खेड्यांत मात्र एकाच विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असतात. तो पंधरवड्यातून एकदा आला तर मधले सारे दिवस मूल वर्गशिक्षकापाशीच असते. म्हणून त्याच्या भेटीचा खरा उपयोग मुलाइतकाच वर्गशिक्षकाला व्हावयास हवा.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाचेच पाहावे. यंत्र सगळेच आवाज मोठे करते. पत्र्यावरचा पाऊस आणि गुरुजींचा शब्द ह्यांत ते पुरेसा भेद करीत नाही. अशा मुलाला ओठांच्या हालचालींचा आधार लागतो. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागला, अथवा खिडकीकडे पाठ करून उभा राहिल्याने त्याचा चेहरा अंधारात गेला, की तो आधार तुटतो. शिवाय मूल वाढते तसा कानही वाढतो, कानातला साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी वाजवू लागते. मुले हसतात, मग यंत्र कानातून निघून खिशात जाते. वर्गशिक्षकाला तो हट्ट वाटतो आणि ‘यंत्र वापरत नाही’ एवढाच शेरा पडतो. व्हरांड्यात बसलेल्या विशेष शिक्षकाला ह्यातले बरेचसे कळणारच नाही. तो वर्गात मागच्या बाकावर बसला, तर मुलाची जागा बदलता येईल, नव्या साच्याची व्यवस्था करता येईल आणि लिहून झाल्यावर वळून बोलण्याची सवय शिक्षकाला सुचविता येईल.

अल्पदृष्टीच्या मुलाला ठळक अक्षरे व उजेडाची योग्य दिशा लागते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला बेरीज प्रथम खऱ्या नाण्यांवर लागते. ह्या गोष्टी रोजच्या पाठातच बसवायच्या असतात.

विशेष शिक्षकाचा बराच काळ तपासणी शिबिरे, प्रमाणपत्रे आणि तक्ते ह्यांत जातो. ती कामे गौण नव्हेत, कारण प्रमाणपत्रावाचून मुलाच्या सवलती अडतात. पण पाठाची वेळ त्यांनी खाऊ नये. भेटीच्या दिवशी वर्गशिक्षकाने पुढील आठवड्याचे पाठ आणि मूल जेथे अडले ती वही त्याच्यापुढे ठेवावी, एक पाठ दोघांनी मिळून घ्यावा, आणि पुढच्या भेटीपर्यंत काय करून पाहावयाचे ते भेटवहीत दोघांनी मिळून लिहावे.