बुलेटचा पुढचा ब्रेक

चोर्ला घाट उतरताना जुन्या बुलेटच्या ड्रम ब्रेकची कसोटी लागते. ब्रेक दाबताच भार पुढच्या चाकावर येतो. गाडी थांबविण्याचे मुख्य काम त्याचेच. बंद ड्रममधील उष्णता सहज बाहेर पडत नाही, लायनिंग तापते आणि पकड मंदावते. उघडी डिस्क वाऱ्याने लवकर निवते. १९६९ च्या होंडा सीबी ७५० वर पुढे ती होतीच. परंतु नुसती तबकडी अडकवून भागत नाही. हब, कॅलिपर पेलणारा फोर्क, मास्टर सिलिंडर हे सारे परस्परांना जुळणारे हवे. नव्या हबवर रिम तारांनी पुन्हा बांधून चाकाचा आऊट काढावा लागतो, आणि हौशी मंडळी नेमकी येथेच काटकसर करतात! ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे.