मोटरहोमची दुसरी बॅटरी
मोटरहोममध्ये एक बॅटरी इंजिन सुरू करते. दिवे, पंखा, पाण्याचा पंप चालवते ती दुसरी. अमेरिका-युरोपात हल्ली ही दुसरी, लेड-ॲसिडची बॅटरी काढून लिथियम आयर्न फॉस्फेटची बसवतात. लेड-ॲसिडमधली साधारण निम्मीच वीज वापरावी, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. लिथियममधली ८० टक्के बिनधास्त वापरा. वजनही निम्म्याच्या आसपास.

पण नुसती बॅटरी बदलून भागत नाही, लोक फसतात ते इथेच. चार्ज होताना लिथियम इतका करंट ओढते, की इंजिनाचा अल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून मध्ये करंटला आवर घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच, पैसे वाचवायची ही जागा नव्हे. आणि शून्य अंशाखाली चार्जिंग टाळा: आत लिथियम धातूचा थर जमतो आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. हिवाळ्यात लडाखला निघणाऱ्यांनी हीटर असलेलीच घ्यावी.