धुऱ्यावरची पेटारी



धुऱ्यावर पिवळे फूल दिसले की आपण ‘रानभेंडी’ म्हणून मोकळे होतो. हे झाड उपटून आणले आहे, हातोहात मागे जाऊ द्या. ही पेटारी, कोणी मुद्रा म्हणते. पान बदामाच्या आकाराचे, मखमलीसारखे मऊ. फूल पाच पाकळ्यांचे, दुपार कलल्यावर उमलणारे. कपाशीच्या पातीला बाहेरून तीन झालरीची पाने असतात, हिच्या कळीखाली ती नाहीत. खरी ओळख फळाची: दातेरी चाकासारखे, पंधरा-वीस फाकांचे, वाळले की काळे. चिकण्याचे फूलही पिवळेच, पण त्याचे पान लहान आणि फळ एवढेसे.

पेटारी कपाशीच्याच कुळातली. भाऊबंदकी इथेही आहे! पावसाळ्यात उगवते, ओल मिळाली तर उन्हाळाही काढते. ठिपक्यांची बोंडअळी हिच्यावर जगते. 2007 मध्ये पंजाबात ज्या पिठ्या ढेकणाने कपाशी बसवली, तोही शेत रिकामे असताना हिच्या आधाराने राहतो. डवरा तासांतून फिरतो, धुऱ्यावर कोण जातो? मग ढेकूण कडेच्या तासांतून आत शिरतो आणि आपण कृषी केंद्रातून सगळ्या शेताचे औषध उधारीवर आणतो.

फळ धरण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. ज्वारीतलीही सोडू नका. शेजारी कपाशी उभी असते. झाडावर कापूस चिकटल्यासारखा ढेकूण दिसला तर झटकू नका, नाल्यात फेकू नका. पिल्ले वाऱ्या-पाण्याबरोबर पसरतात. तिथेच पोत्यात भरा आणि जाळा. धुरा सामाईक असेल तर शेजाऱ्याला त्याच दिवशी सोबत घ्या.