धरा की तेवढंच!

(नांदूरघाट येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमालेत संतांवर बोलावं, शिवचरित्रावर बोलावं अशी रीत आहे. आज तुमच्यापुढं एक माणूस इंच, हात आणि गुंठे घेऊन उभा राहिला आहे. पण हा मोसमच मोजणीचा आहे. रानं रिकामी आहेत. कारखाने बंद झाल्यामुळं तोडीला गेलेली माणसं परतली आहेत, भाऊभाऊ एकाच वेळी गावात आहेत. वाटण्या, मोजण्या, खरेदीखतं, घराचे पाये, सगळं पाऊस पडायच्या आत उरकायचं असतं.

या मोजण्यांत किती तऱ्हेची मापं चालतात बघा. विहिरीची खोली परसात, बोअरची फुटात. दरवाजाची चौकट इंचात, सळई सुतात, वाळू ब्रासमध्ये, साडी वारात. शेत बोलताना एकर-गुंठ्यात आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. रस्त्याला किलोमीटर, पण आजोबांना विचारलं तर ते कोस सांगणार. एवढी मापं एका घरात नांदतात आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते एका मापातून दुसऱ्या मापात जाताना. तिथं कुणीतरी वडीलधारा माणूस हात झटकून म्हणतो, "धरा की तेवढंच!" मला आज एवढ्या एका वाक्यावरच बोलायचं आहे, कारण या वाक्यानं जितकी जमीन इकडची तिकडं केली आहे तितकी बांध कोरणाऱ्यांनीही केली नसेल.

जुनी मापं अंगावरची होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोट, मूठ, वीत, हात, आणि विहिरीसाठी अख्खा माणूस, म्हणजे परस. पण त्यांना हिशेब नव्हता असं समजू नका. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त कोष्टक दिलं आहे. आठ जव आडवे लावले की एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस आणि चार कोसांचं योजन. जमिनीसाठी दहा हातांचा वंश, म्हणजे बांबू, आणि वीस वंश लांब, वीस वंश रुंद असं शेत म्हणजे एक निवर्तन. भास्कराचार्यांचं गाव विज्जलविड म्हणजे आपलं बीड, असं काही अभ्यासक म्हणतात. त्यांच्या नातवाचा शिलालेख मात्र चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, म्हणून तिकडची माणसं आपला हक्क सोडत नाहीत. तो वाद इथं सोडवण्यासारखा नाही. बीडकर म्हणून तुम्ही मनातल्या मनात आपल्या बाजूनं मत द्यायला माझी हरकत नाही.

आता हात अठरा इंचांचा धरला तर कोस होतो आठ हजार हातांचा, म्हणजे बारा हजार फूट, साधारण ३.६६ किलोमीटर. हिशेब सोपा आहे, पण त्यात 'हात अठरा इंचांचा धरला तर' हे शब्द कोष्टकातले नाहीत, माझे आहेत. कोष्टक एका मापाचं दुसऱ्या मापाशी नातं सांगतं. मुळात हात केवढा, हे ते सांगत नाही. तिथं जव मोजायचे. जव टपोरा की बारीक, यावर सगळी इमारत उभी.

शिवाजी महाराजांच्या जमीन मोजणीत ही अडचण कशी सोडवली, ते बघण्यासारखं आहे. सभासदाच्या बखरीत काठीचं माप दिलं आहे: पाच हात आणि पाच मुठी, आणि ही काठी ब्याऐंशी तसूंची. हात चौदा तसूंचा. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. वीस गुणिले वीस ही रचना भास्कराचार्यांच्या निवर्तनाचीच आहे. मधली पाच शतकं गेली, राज्यं बदलली, पण शेत मोजायची तऱ्हा तशीच टिकली.

हे माप तपासून बघू. हात अठरा इंचांचा, मूठ तीन इंचांची. पाच हातांचे नव्वद आणि पाच मुठींचे पंधरा, काठी झाली १०५ इंचांची. तिचे ब्याऐंशी तसू केले तर एक तसू १.२८ इंचांचा. असे चौदा तसू म्हणजे १७.९ इंच. आपण हात अठरा इंचांचा धरून निघालो होतो आणि फिरून जवळजवळ तिथंच आलो. याचा अर्थ काठी, हात, मूठ आणि तसू ही मापं एकमेकांशी जुळवून ठरवलेली होती. दोन वेगळ्या वाटांनी एकच लांबी सांगितली की मोजणाऱ्याला हात लांबवायला किंवा मूठ सैल धरायला फारशी जागा उरत नाही. हिशेब ठेवणारा माणूस असा असावा लागतो.

अशी काठी धरली तर वीस काठ्या म्हणजे १७५ फूट, आणि बिघा ३०,६२५ चौरस फुटांचा, म्हणजे आजचे २८ गुंठे. आता समजा, मोजणारा माणूस उंच आहे. त्याचा हात वीस इंचांचा आणि मूठही त्याच प्रमाणात मोठी. हातात वाढले फक्त दोन इंच. बिघा मात्र जातो ३४.७ गुंठ्यांवर. दोन इंचांचे साडेसहा गुंठे! कारण लांबी वाढली तशी रुंदीही वाढली आणि चूक चुकीनं गुणली गेली. "दोन इंचांनी काय फरक पडतो" असं बांधावर उभं राहून म्हणणाऱ्याला हा हिशेब सांगावा.

म्हणूनच जुन्या कागदातलं किंवा दगडावरचं माप आजच्या मापात सांगताना मी थबकतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे. त्यात भिक्षूंना दोनशे निवर्तनं जमीन दिल्याची नोंद आहे. 'लीलावती'चं कोष्टक लावलं तर ती भरते सुमारे ४१३ एकर. आकडा छान दिसतो, वर्तमानपत्रात शोभतो. पण सातकर्णी आणि भास्कराचार्य यांच्यात हजार वर्षांचं अंतर आहे. एकाचा हात धरून दुसऱ्याचं शेत कसं मोजणार? नाव तेच राहतं आणि माप खालून सरकतं. मोगलांच्या गजाचं असंच झालं. अकबराचा इलाही गज एकेचाळीस अंगुळांचा. पुढं इंग्रज उत्तरेत जमीन मोजायला बसले तेव्हा तो गावोगाव निराळा भरू लागला, आणि शेवटी कंटाळून त्यांनी तेहतीस इंचांवर शिक्का मारला. तो खरा गज होता की सोयीचा, हे विचारायला अकबर थोडाच येणार होता!

आपल्या गुंठ्यातही तेहतीसच आहे, पण ते फुटांचे. एडमंड गंटर नावाच्या इंग्रजानं १६२० साली ६६ फुटांची साखळी काढली. तिचा फायदा असा की दहा चौरस साखळ्या बरोबर एक एकर होतो. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूरपासून पाहणी सुरू केली, आणि त्या पाहणीत अर्धी, म्हणजे ३३ फुटांची साखळी रुळली. तिचे भाग केले सोळा, आणि त्यांना नाव दिलं आणे. मोजणी कामगाराला रुपयाचा हिशेब येतच होता, तोच जमिनीला लावला. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. निजामाच्या राज्यात सालारजंगांनी महसुलाची घडी बसवली तेव्हा पाहणी याच धर्तीवर झाली, म्हणून आपल्याकडंही एकर आणि गुंठे आले. लोखंडी साखळीही काही देवाघरची नव्हती. ओढून ओढून कड्या झिजतात आणि साखळी लांबते. लांब साखळीनं मोजलं की शेत कागदावर कमी भरतं आणि सारा कमी बसतो. या चुकीबद्दल कुणा कुणब्यानं तक्रार केली असेल असं वाटत नाही.

आता मराठवाड्याकडं येतो, कारण मापं बदलण्याचा जो फेरा आपल्या वाडवडिलांनी सोसला तो पुण्या-मुंबईकडच्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांच्या हिशेबात आधीपासूनच दोन रुपये होते, निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. शंभर कलदारांना एकशेसोळा हाली, दहा आणे, आठ पै. भाव भयंकर दिसतो, पण सरळ करून बघितला तर सहा कलदार बरोबर सात हाली, एवढंच ते आहे. बाजारात बसणाऱ्या अडाणी म्हातारीला हे तोंडपाठ असे. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य बदललं. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो. १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले. १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो येऊ लागला, पाठोपाठ वाराच्या जागी मीटर. १९५९ मध्ये हाली शिक्का कायमचा बंद झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र. बारा वर्षांत राज्य, नाणं, वजन आणि लांबी, सगळं पालटलं. त्या पिढीनं हे निभावलं, कारण त्यांना गुणोत्तर धरून चालायची सवय होती. सहाला सात म्हणजे सहाला सात. तिथं 'धरा की तेवढंच' चालत नसे, कारण त्यात रुपया जात होता.

आपल्याला मात्र गुंठा आणि आर एकच वाटू लागले आहेत. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं हेक्टर-आरमध्ये. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, १,०७६ चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फूट. फरक तेरा चौरस फुटांचा, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण चाळीस गुंठ्यांचे होतात ४०.४७ आर. एकर विकत घेताना कागदावर ४० आर लिहून घेतले तर ०.४७ आर, म्हणजे पाचशे चौरस फुटांच्या वर जमीन गेली. घरकुलाच्या दोन खोल्या उभ्या राहतील एवढी जागा! उलटही तितकंच खरं. हेक्टर म्हणजे अडीच एकर, असं सगळे म्हणतात. तो आहे २ एकर १८.८ गुंठे. अडीच एकर समजून घेणाऱ्याचा सव्वा गुंठ्याच्या आसपास तोटा होतो, आणि चार जणांत वाटणी असेल तर त्या सव्वा गुंठ्यासाठी पुढं दहा वर्षं तारखा चालतात.

घर बांधणाऱ्यांनी हे सळईवरही करून बघावं. गवंडी अजून सूत मोजतो, आठ सुतांचा इंच. चार सुती सळई म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. दुकानात तिच्या जागी येते १२ मिलिमीटरची. जाडीत फरक पाऊण मिलिमीटरचाही नाही, पण ताकद जाडीवर नसते, छेदाच्या क्षेत्रफळावर असते, आणि तिथं पुन्हा चूक चुकीनं गुणली जाते. लोखंड जवळजवळ अकरा टक्के कमी पडतं. तीन सुतीचं याच्या उलटं. ती भरते ९.५ मिलिमीटर, मिळते १० ची, म्हणजे दहा टक्के लोखंड जास्त. तेव्हा 'तेवढंच' दरवेळी आपल्याला लुबाडतंच असं नाही. कधी घेतं, कधी देतं. पण आराखडा १२ मिलिमीटरवर काढला असेल तर १२, आणि जुन्या इंचावर काढला असेल तर तसं इंजिनिअरला विचारून, एवढं तरी पाहायला हवं.

साडीचं प्रकरण मी लांबवत नाही, बायकांना ते माझ्याहून जास्त कळतं. पाच वार म्हणजे ४.५७ मीटर. आज पाचवारी म्हणून जी विकत मिळते ती साडेपाच मीटरची असते, म्हणजे सहा वार. नाव जुनं, माल नवा, आणि इथं फायदा नेसणारीचा. शिंप्याची पट्टी मात्र घरी गेल्यावर उलटून बघा. बहुतेक पट्ट्यांवर एका बाजूला ६० इंच आणि दुसऱ्या बाजूला १५० सेंटीमीटर छापलेले असतात. साठ इंचांचे होतात १५२.४ सेंटीमीटर. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी संपत असतील तर एक बाजू खोटं बोलते आहे, आणि कोणती ते दुसऱ्या पट्टीशी ताडल्याशिवाय कळत नाही.

मी जुन्या मापांचा अभिमानी नाही. परत कोसावर आणि काठीवर जा, असं सांगायला आलो नाही. मीटर सगळीकडं सारखा आहे, हा त्याचा मोठा गुण आहे, आणि शेतकऱ्याला त्याचा फायदाच आहे. पण ज्या घरात जुने कागद आहेत त्यांना एक विनंती आहे. सेतवार असो, खासरा पाहणी असो, आजोबांच्या नावाचं खरेदीखत असो, त्यावर जे माप लिहिलं आहे ते तसंच राहू द्या. त्यावर पेनानं नवा आकडा गिरवू नका. नवा आकडा शेजारच्या वेगळ्या कागदावर मांडा, आणि तो कोणत्या दरानं काढला तेही लिहा: एक गुंठा बरोबर १.०११७ आर. मोजणी झाली की नकाशाची क प्रत हातात घ्या आणि त्यावरची मीटरमधली लांबी बांधावर स्वतः चालून पडताळा. आणि एक एकराचा व्यवहार करत असाल, तर खत लिहिणाऱ्याला घाई असली तरी त्याला थांबवा आणि ४० आर नव्हे, ४०.४७ आर लिहायला लावा.