लाक्लेद व्यापाऱ्याचे कागद

आज आम्ही तुम्हांला एका व्यापाऱ्याची हकीकत सांगणार आहोत. ती फार दूरच्या मुलखातली आहे आणि अडीचशे वर्षांपूर्वीची आहे. पण ऐकता ऐकता तुम्ही म्हणाल, अहो, हे तर आमच्या ओळखीचेच आहे! कारण हिच्यात उधारी आहे, खातेवही आहे आणि कागद आहे.

व्यापाऱ्याचे नाव प्येर लाक्लेद. फ्रान्स देशाच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत बेदूस नावाचे गाव आहे. तिथे १७२९ साली तो जन्मला. वयाच्या पंचविशीत तो जहाजात बसला, समुद्र ओलांडला आणि १७५५ साली अमेरिकेत उतरला. तिथे मिसिसिपी नावाची प्रचंड नदी आहे. ती उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत जाते. ती समुद्राला मिळते तिथून जवळच न्यू ऑर्लिन्स हे फ्रेंचांचे बंदर होते. तिथे त्याने बस्तान बसवले.

व्यापार कशाचा? कातड्यांचा. त्या काळी युरोपात टोपीची मोठी हौस होती. चांगली टोपी बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांची करीत. हा प्राणी पाण्याकाठी राहतो आणि दातांनी झाडे पाडतो. हरणाच्या कातड्यालाही मोठी मागणी होती. शिकार करीत ते तिथले मूळचे लोक. ओसेज, मिसूरी अशा त्यांच्या जमाती. व्यापारी त्यांना घोंगड्या, कापड, हंडे, सुऱ्या, बंदुका आणि दारू, म्हणजे बंदुकीची दारू बरं का, असा माल देत. बदल्यात कातडी घेत.

आता हा धंदा चाले कसा, ते पाहा. पेरणीच्या वेळी आपण बी उधार आणतो आणि सुगीला फेडतो ना? तसेच. माल आधी जायचा आणि कातडी मागून यायची. मधे सारा हिवाळा. न्यू ऑर्लिन्सचा मोठा व्यापारी लाक्लेदला माल देई. लाक्लेद तो लहान व्यापाऱ्यांना देई. लहान व्यापारी शिकाऱ्यांना देत. वरपासून खालपर्यंत सारी उधारी! एका जागी नाव बुडाली की सगळी साखळी हादरे.

लाक्लेदचा भागीदार होता माक्साँ. पैसा त्याचा, मेहनत लाक्लेदची. त्यांना मिसूरी नदीकडच्या व्यापाराचा मक्ता मिळाला. ऑगस्ट १७६३ मध्ये लाक्लेद नावा भरून निघाला. जायचे होते प्रवाहाच्या उलट. वल्ही मारायची, काठ्या रोवायच्या, नाहीतर काठाने दोर धरून नाव ओढायची. तीन महिने लागले. नोव्हेंबरमध्ये तो वरच्या फ्रेंच किल्ल्याला पोचला, तर कळले की फ्रान्स लढाई हरला, आणि नदीचा पूर्वेचा काठ आता इंग्रजांचा!

तो डगमगला नाही. पश्चिमेच्या काठावर त्याने उंचवट्याची एक जागा हेरली. पूर येऊ शकत नव्हता, आणि मिसूरी नदीचा संगम जवळ होता. फेब्रुवारी १७६४ मध्ये त्याने तीस माणसे देऊन ओग्युस्त शुतो या मुलाला पुढे धाडले. हा मुलगा जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा. त्याने झाडे तोडली, खोपटी उभारली. गावाला नाव दिले सेंट लुई.

थोड्याच दिवसांत मिसूरी जमातीचे लोक बायकामुलांसह तिथे आले. त्यांना तिथेच राहायचे होते. बायकांनी मजुरी घेऊन तळघरही खणून दिले. लाक्लेदने त्यांना समजावून, धान्य-कापड देऊन परत पाठवले. ही हकीकत आपल्याला कशी कळली? त्या ओग्युस्तने मोठेपणी ती स्वतः लिहून ठेवली. लिहिले म्हणून राहिले.

गाव वाढले. पूर्वेचे फ्रेंच लोक इंग्रजांचे राज्य नको म्हणून इकडे आले. पण सगळ्यांचे लक्ष कातड्यांत, शेतीत कमी. गावाला चिडवायला लोक म्हणत, 'भाकरी तोकडी'!

आता लाक्लेदच्या घराकडे वळू. ओग्युस्तची आई मारी तेरेझ ही लाक्लेदबरोबर राहत होती. तिचा नवरा तिला टाकून फ्रान्सला गेला होता. त्या धर्मात काडीमोड नव्हती. म्हणून तिचे आणि लाक्लेदचे लग्न झाले नाही. त्यांना चार मुले झाली, पण त्यांना नाव लागले ते पहिल्या नवऱ्याचे, शुतो. कायद्याने ती लाक्लेदची वारस नव्हेत. उद्या तो मेला तर या बाईने आणि मुलांनी जायचे कुठे?

लाक्लेदने विचार केला आणि १७६८ साली पक्का दस्त केला. घर आणि जमीन मुलांच्या नावे, आणि आईला तहहयात राहण्याचा हक्क. या दस्तात गुलाम माणसेही लिहून दिली होती, हेही आम्ही लपवीत नाही. एका घराला आसरा देणाऱ्या त्याच कागदाने दुसऱ्या माणसांना वस्तू करून टाकले. त्यांना कोणी विचारले नाही.

पुढे मक्ता रद्द झाला. लाक्लेदने माक्साँचा वाटा विकत घेतला, तोही उधारीवर. ते कर्ज काही फिटले नाही. १७७८ साली तो न्यू ऑर्लिन्सहून परत येत होता. वाटेत नावेतच त्याने प्राण सोडला. काठावर त्याला पुरले. ती जागा आज कोणाला दाखवता येत नाही. त्याच्या मागे सामानाची यादी झाली. तिच्यात पुस्तकांचा मोठा साठा निघाला. पण मालमत्तेवर कर्जाचा बोजा होता. ती माक्साँच्या दाव्यात गेली.

राहिले काय? जे दहा वर्षे आधी लिहून दिले होते ते. मारी तेरेझ १८१४ साली वारली, तोवर तिच्या डोक्यावर छप्पर होते.

इथे गोष्ट संपवली असती. पण कागदाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १८०३ साली अमेरिकेच्या संयुक्त राज्यांनी हा मुलूख फ्रान्सकडून विकत घेतला. १८०८ साली ओसेज लोकांपुढे करारनामा आला. तो घेऊन गेला लाक्लेदचाच मुलगा, धाकटा प्येर. त्याआधीच्या कराराबद्दल काही ओसेज म्हणाले होते, आम्हांला वाटले फक्त शिकारीची मोकळीक द्यायची आहे, जमीन नव्हे. आता नव्या कागदावर त्यांच्या मुखियांनी फुल्या केल्या. बदल्यात थोडी रोकड, दरसाल थोडा माल, एक दुकान आणि लोहार. आणि गेली केवढी जमीन? आजच्या मिसूरी राज्याचा बहुतेक भाग.

मंडळी, कागद एकच. ज्याला तो वाचता आला, त्याने त्यावर घर राखले. ज्याला वाचता आला नाही, त्याची जमीन त्याच कागदावर गेली. ओसेज लोक काही अडाणी नव्हते. रान, नदी, जनावर यांची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. फक्त ती अक्षरे त्यांची नव्हती.

आपण आता अक्षरे ओळखू लागलो आहोत. तर आज घरी गेल्यावर एवढे करा. पेटीतला एखादा कागद काढा. सातबारा असेल, उधारीची पावती असेल. बोट ठेवून सावकाश वाचा. अडेल तो शब्द उद्या वर्गात विचारा. आणि कोणी म्हणाले, "इथे अंगठा उठवा," तर म्हणा, "थांबा, आधी वाचून पाहतो."