ड्रॉवरमधला पीएसपी



पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्या घरात शाळकरी मुलं होती, त्यांतल्या बऱ्याच घरांच्या एखाद्या ड्रॉवरमध्ये आजही काळा, लांबट, गुळगुळीत पीएसपी, म्हणजे हातात धरून खेळायचा गेमचा डबा, पडून असतो. सोनीने तो भारतात रीतसर विकला होता. कबड्डी आणि पतंगांचे खेळ असलेला ‘देसी अड्डा’ नावाचा भारतीय गेमही त्यासाठी निघाला होता. निन्टेंडोचे गेमबॉय आणि डीएस मात्र इकडे बहुधा दुबईच्या काकांच्या किंवा अमेरिकेतल्या मावशीच्या बॅगेतून यायचे. मग पुढचं यंत्र बाजारात आलं, घरात ‘आता हा जुना झाला’ असं ठरलं आणि चालू स्थितीतला डबा चार्जरसकट आत गेला. आजचं बोलणं त्या डब्याबद्दल आणि तो अजून वापरू पाहणाऱ्यांबद्दल आहे.

नवं यंत्र आलं म्हणून जुनं त्याच दिवशी संपत नाही. खुद्द कंपन्याही ते संपवत नाहीत. निन्टेंडोचा थ्रीडीएस फेब्रुवारी २०११मध्ये जपानमध्ये आला. त्यानंतर सव्वा वर्षाने, जून २०१२मध्ये, ‘पोकेमॉन ब्लॅक २’ आणि ‘व्हाइट २’ हे मोठे गेम निघाले ते जुन्या डीएससाठी. डीएस २००४मध्ये आला होता, तरी ‘मदर ३’ हा जपानमध्ये आजही जिव्हाळ्याने आठवला जाणारा गेम २००६मध्ये त्याच्या आधीच्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरच आला. थ्रीडीएसनंतरचा स्विच मार्च २०१७मध्ये विक्रीला आला आणि त्याच वर्षीच्या जुलैत निन्टेंडोने थ्रीडीएसच्या घराण्यातलं एक नवंकोरं मॉडेल बाजारात आणलं. त्या घराण्याचं उत्पादन थांबलं ते २०२०मध्ये.

घाई न करण्याचं दुसरं कारण पैशाचं. थ्रीडीएस अमेरिकेत २४९ डॉलर ९९ सेंटना निघाला आणि ऑगस्ट २०११मध्ये, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, १६९ डॉलर ९९ सेंटवर उतरला. या कपातीनंतर कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला होता. प्रत्येक यंत्राची किंमत इतकी घसरेल असं नाही. पण ज्याच्या हातात चालतं यंत्र आहे, त्याला वर्षभर थांबायला काहीच तोशीस पडत नाही. तेवढ्या वेळात नव्याची खोट कळते, खेळांची यादीही वाढते.

विकण्याआधी मात्र एक गोष्ट तपासलीच पाहिजे: जुने खेळ नव्यात चालतात का? डीएसमध्ये गेमबॉय अ‍ॅडव्हान्सची कॅसेट बसायची, पण त्याआधीच्या साध्या गेमबॉयची चालत नसे. थ्रीडीएस आला तेव्हा डीएसचे खेळ त्यात चालले, पण अ‍ॅडव्हान्सची खाच त्यात नव्हती. २०२५च्या जूनमध्ये आलेला स्विच २ जुन्या स्विचचे बहुतेक खेळ चालवतो. पीएसपीच्या मालकांचं नशीब तितकं चांगलं नव्हतं. त्याचे खेळ छोट्या चकतीवर असत आणि सोनीच्या पुढच्या यंत्रात, व्हीटामध्ये, चकतीला जागाच नव्हती. आपल्या चकतीची नोंद करून तोच खेळ कमी किमतीत डाउनलोड करून घेण्याची सोय सोनीने दिली ती जपानमध्ये, अमेरिकेतल्या ग्राहकांना ती मिळाली नाही. ज्यांच्याकडे दहा-वीस चकत्या आहेत, त्यांनी पीएसपी कुणाला देऊन टाकणं म्हणजे त्या सगळ्या चकत्या मुक्या करणं.

यंत्र टिकवायचं ठरलं की पहिला प्रश्न बॅटरीचा वाटतो, पण त्याच्याही आधी पाहावं ते हे, की खेळलेलं कुठे जमा होतं. साठ तास खर्चून उभी केलेली फौज, पकडलेले प्राणी, शेवटच्या किल्ल्यापर्यंतची वाट हे सगळं नेमकं कुठे ठेवलेलं असतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं आणि हानी होते ती इथेच. जुन्या गेमबॉयच्या अनेक कॅसेटमध्ये तीन व्होल्टचा एक बटण-सेल डकवलेला असतो. खेळाची नोंद त्याच्या जिवावर राहते. सेल संपला की खेळ सुरू होतो, पण पहिल्या पानापासून. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये तोच सेल घड्याळही चालवतो, त्यामुळे तो आणखी लवकर संपतो. पुढे अ‍ॅडव्हान्सवरच्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये नोंद वेगळ्या चिपवर गेली. तिथे सेल संपल्याची सूचना पडद्यावर आली तरी घाबरू नये, फक्त घड्याळ थांबतं, खेळ शाबूत राहतो. सेल बदलण्यासाठी कॅसेट उघडून डाग द्यावा लागतो. हे काम सोल्डरिंगला सरावलेल्या हातानेच करावं, आणि सेल निघताच जुनी नोंद पुसली जाते हे आधी जाणून असावं.

पीएसपीचं काम यापेक्षा कितीतरी सोपं आहे. त्याची सगळी नोंद मेमरी स्टिकवर असते. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याला लागायची ती मिनी यूएसबीची वायर जोडली की कॉम्प्युटरवर पीएसपी नावाचा फोल्डर दिसतो. त्याच्या आत सेव्हडेटा नावाचा दुसरा फोल्डर असतो. तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा. दहा मिनिटांचं काम, पण स्टिक बिघडली तर तेच वाचवतं. स्विचच्या बाबतीत उलटा सापळा आहे. त्याच्या कॅसेटमध्ये खेळाची नोंद राहत नाही, ती यंत्राच्या पोटात असते. धाकट्या भावाला नुसती कॅसेट दिली तर त्याला दादाचा खेळ मिळत नाही. आणि यंत्र पुसून विकलं, तर कॅसेट हातात राहूनही आपलाच खेळ हरवतो.

यंत्रावरचं ऑनलाइन दुकान बंद होणं हाही जुन्या यंत्राला बसणारा मोठा धक्का. थ्रीडीएसवरची खरेदी २७ मार्च २०२३ रोजी थांबली, आणि २०२४च्या एप्रिलमध्ये इंटरनेटवरून एकमेकांशी खेळणंही संपलं. सोनीने २०२१च्या मार्चमध्ये पीएसपी, व्हीटा आणि पीएस थ्री या तिन्ही यंत्रांची ऑनलाइन दुकानं मिटवण्याचं जाहीर केलं. लोक इतके चिडले, की तीनच आठवड्यांत कंपनीने व्हीटा आणि पीएस थ्रीपुरता निर्णय मागे घेतला. पीएसपीवरची खरेदी मात्र त्या जुलैत थांबली. म्हणून ज्यांनी काही विकत घेतलं आहे, त्यांनी ते आजच यंत्रावर उतरवून ठेवावं. एक दिलासा आहे. एकाच खोलीतले दोन पीएसपी एकमेकांशी थेट बोलतात, त्याला इंटरनेट लागत नाही. ती मजा कुठलंही दुकान बंद झाल्याने जात नाही.

आता बॅटरी. पीएसपीचं मागचं झाकण बोटाने सरकतं आणि बॅटरी स्क्रू न काढता हातात येते. व्हीटाची आत बंदिस्त आहे. दुरुस्तीच्या बाबतीत इथे जुनं यंत्र नव्यापेक्षा सरस ठरतं, आणि ही बाब कौतुकाचीच आहे. झाकण नीट बसत नसेल किंवा बॅटरी मधोमध फुगलेली दिसत असेल, तर ती लगेच बाहेर काढावी. चार्ज करू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यातही टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावी. दुसरी मिळेपर्यंत पीएसपी बॅटरीशिवाय थेट अडॅप्टरवर चालतो. नवी बॅटरी घेताना आकड्यांना भुलू नये. पहिल्या जाड मॉडेलची मूळ बॅटरी १८०० मिलिअँपिअर-तासांची होती, पुढच्या सडपातळ मॉडेलची १२००ची. त्याच आकाराच्या वेष्टनावर ३६०० छापलेलं असेल तर तो आकडा खोटा समजावा. यंत्र वापरात नसेल तेव्हा बॅटरी साधारण निम्मी भरून ठेवावी आणि सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करावी. पूर्ण रिकामी होऊन वर्षभर पडलेली लिथियम बॅटरी बहुधा पुन्हा उठत नाही.

गेमबॉयला साधे पेन्सिल सेल लागतात, त्यामुळे १९८९चं यंत्र आजही कोपऱ्यावरच्या वाण्याच्या सेलवर चालू होतं. मात्र सेल आत ठेवून डबा कपाटात टाकला तर ते पाझरतात आणि पत्र्यावर पांढरा खर धरतो. कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावलं की तो सुटतो, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावं.

आपल्याकडच्या पावसाळ्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर दमट हवेने कॅसेटच्या धातूच्या टोकांवर गंज आणि बुरशी धरते. औषधाच्या बाटल्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात यंत्राशेजारी ठेवल्या तरी मोठा फरक पडतो. कॅसेट चालली नाही की तोंडाने फुंकर मारायची सवय अनेकांना आहे. तिने तात्पुरतं काम होतं, पण श्वासातली वाफ धातूवर बसते. खुद्द निन्टेंडोनेही असं न करण्याचाच सल्ला दिलेला आहे.

बटण अडकलं, स्क्रीन गेली, चार्जिंगचं तोंड सैल झालं, तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करावी. जाताना मॉडेलचा क्रमांक लिहून न्यावा, कारण १०००, २००० आणि ३००० या पीएसपींचे पडदे एकमेकांत बसत नाहीत. यंत्र देण्यापूर्वी मेमरी स्टिक काढून घरी ठेवावी.

घरातलं सात-आठ वर्षांचं मूल फोन मागत असेल, तर त्याच्या हाती हा जुना डबा द्यायला हरकत नाही. चकतीवरच्या खेळाच्या मध्ये जाहिरात येत नाही, कुणी पैसे मागत नाही, अनोळखी माणसाचा निरोपही येत नाही. तेव्हा रात्री जेवणं उरकली की तो ड्रॉवर उघडावा, मागचं झाकण सरकवावं आणि बॅटरी टेबलावर आडवी ठेवून पाहावी. ती सपाट बसली, तर चार्जर शोधायला लागावं.