आठ बाय बारा

आज बोलूया हेमा उपाध्याय यांच्याबद्दल. जन्म १९७२, बडोदा. घरचे फाळणीत पाकिस्तानातून आलेले. बडोद्यातच पेंटिंग-प्रिंटमेकिंग शिकल्या आणि १९९८ला मुंबईत आल्या. म्हणजे स्थलांतर वारशात मिळालेलं आणि स्वतःच्याही वाट्याला आलेलं.

२००१च्या मुंबईतल्या प्रदर्शनात त्यांनी आपल्याच चित्रांवर स्वतःचे छोटे फोटो कापून चिकटवले. भल्यामोठ्या रंगात एवढीशी बाई. या शहरात माझी साइज किती, असं विचारणारी.

मला खरं धरून ठेवलं ते २००९च्या '८ फूट x १२ फूट'नं. धारावीतल्या सरासरी घराएवढी खोली. आत शिरलात की भिंतींवर आणि छतावर अख्खी वस्ती! ॲल्युमिनियमचा पत्रा, गाड्यांचं भंगार, प्लास्टिक, एनॅमल पेंट, एम-सील. (हो, आपल्या नळाला लावतो तेच.) लांबून रंगांचे तुकडे, म्हणजे चित्रच. जवळून बघा, तर एकेक छप्पर वेगळं.

इथे मात्र त्यांचा फोटो नाही. मधे आपण उभे, राक्षसाएवढे, तरी अंग चोरून.

मी पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीत तिघांत राहतो. 'गाव कुठलं?' विचारलं की आधारवरचा पत्ता सांगू की अकरा महिन्यांच्या भाडेकरारावरचा? अर्थात, धारावीशी माझी बरोबरी नाहीच. मला पगार आहे, परत जायला घर आहे.

म्हणूनच हे काम मला प्रामाणिक वाटतं. झोपडपट्टी आपण एरवी ड्रोनमधून वरून बघतो. इथे ती डोक्यावर आहे.